आधी मंद, मग मोठा

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तळमजल्याला, जिन्याच्या पाठीमागे, एक खोली आहे. तिला खिडकी होती, ती विटा घालून बुजवली. भिंती काळ्या, छत काळं, दाराला आतून जाड काळा पडदा आणि दाराखालच्या फटीत कोंबायला काळ्या कापडाची गुंडाळी. त्या खोलीत एक बाई गेली बावीस वर्षं नोकरी करते आहे आणि सगळा दवाखाना तिला अंधारताई म्हणतो. खरं नाव पगाराच्या कागदावर असतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळून बघेल की नाही, शंकाच आहे. मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, तरी मीही ताईच म्हणतो. समोर अहो-जाहो करतो. लिहिताना 'ती' म्हटलं म्हणून तिने रागावू नये. आणि रागावली तर आधी थोडी रागावेल, मग खूप. तिची सगळ्याच बाबतीत तशी पद्धत आहे.

मी रेकॉर्डरूमचा. फायली काढणं, फायली लावणं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं हा माझा उद्योग. स्टोअरही माझ्याकडेच, म्हणजे कापूस, चिकटपट्टी, पुसायची औषधं असला सगळा बाजार. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते मला लपवता येणार नाही.

ताईचं काम असं. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, त्याच्यावर उजेड पडला की तो इवलासा करंट सोडतो. तो करंट मोजायचा. पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करायची, त्याला वीस मिनिटं मिट्ट काळोखात बसवायचं, मग खालच्या पापणीच्या आत केसापेक्षा बारीक चांदीची तार ठेवायची आणि त्याचं तोंड एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात घालायला लावायचं. वाडगा म्हणजे अर्धा कापलेला मोठा चेंडूच, आतून पांढराशुभ्र. आत दिवा लखलखतो, त्याचा उजेड वाडगाभर पसरतो आणि सगळ्या बाजूंनी डोळ्यात शिरतो. मशीनवर एक लाट उमटते. लाट किती उंच, किती उशिरा आली, यावरून पडदा धडधाकट आहे की मरत चालला आहे, ते कळतं.

दिवा पहिल्यांदा अगदी मंद लावायचा. इतका मंद की पेशंट विचारतो, "झालं का काही?" त्या उजेडाला फक्त अंधारात बघणाऱ्या पेशी ओळखतात. मग तेज वाढवत जायचं. उलटं करायचं नाही, कारण एकदा का मोठा फ्लॅश डोळ्यात गेला की अंधारातल्या पेशी दिपतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं मंद दिव्याला दाद देत नाहीत. "आधी मंद, मग मोठा," असं ताईने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय. घरी-दारी तिचं तेच. बातमी सांगायची तर आधी किरकोळ, मग खरी. मागे एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, तुमच्या खिशाला शाई लागलीय." मी बघायला लागलो. मग म्हणाली, "आणि तुमची बढती दुसऱ्याला दिलीय."

लोकांना वाटतं की दुप्पट उजेड टाकला तर लाट दुप्पट होईल. मलाही वाटायचं. चहा पिताना तिने मला एकदा समजावलं. "काका, उपाशी माणसाच्या ताटात दोन घास कमी वाढले तर त्याला लगेच कळतं. पोट भरलेल्याच्या ताटात दोन कमी की दोन जास्त, त्याला पत्ता नाही. पडद्याचं तसंच. मंद दिव्यात चिमूटभर फरक पडला तरी लाट धपकन खाली येते. मोठ्या दिव्यात पेशी पोटभर जेवलेल्या असतात, तिथे लाट फारशी हलत नाही." हे मला तेव्हा नीट कळलं होतं. तिला तर माझ्याआधी वीस वर्षं कळलं होतं. तरीही पुढे जे झालं ते झालं.

ताईचा एक रिवाज होता. दरवर्षी कामाच्या पहिल्या दिवशी, पेशंट यायच्या आधी, ती स्वतःचीच तपासणी करायची. स्वतःच थेंब टाकायची, चाचपडत स्वतःच्याच पापणीत तार ठेवायची आणि पायाने बटण दाबायची. म्हणायची, मशीन बरोबर चाललंय की नाही ते बघते. ते अर्धंच खरं होतं.

तिचे वडील छापखान्यात जुळारी होते. दिवसा अक्षरांचे बारीक खिळे जुळवायचे, पण चाळिशीनंतर संध्याकाळ झाली की त्यांना दिसेनासं व्हायला लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. ताई तेव्हा शाळेत होती. रोज संध्याकाळी तिला छापखान्यात बोलवायचे, "तुझ्याबरोबर चालायला बरं वाटतं गं" म्हणायचे, आणि तिचा खांदा धरून घरी यायचे. घरचा जिना मोजून चढायचे. कुणी विचारलं तर एकच उत्तर: "दिसतंय मला." मोजलेल्या पायऱ्या होत्या घरच्या. पडले ते परक्याच्या जिन्यात, आणि खुब्याचं हाड मोडलं. मग सगळं बाहेर आलं. पन्नाशीला ते पूर्ण आंधळे झाले. हा आजार घराण्यात उतरू शकतो, असं त्यांच्या डॉक्टरने ताईला सांगितलं होतं.

म्हणून तिला दोन सवयी लागल्या. एक, दरवर्षी स्वतःचा डोळा मोजणं. दुसरी, "मला दिसतंय" असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास न ठेवणं. पेशंट म्हणायचे, ताई, मला रात्री छान दिसतं. ती म्हणायची, "सगळे तेच म्हणतात. कागद काय म्हणतो ते बघू." माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, हे ती वडिलांकडून शिकली होती.

तर आता त्या तीन वर्षांकडे येतो. नवीन मशीन आल्यापासून तिची मंद दिव्याची लाट दरवर्षी दोनशे चाळीसच्या आसपास असायची. दीडशेच्या खाली गेली तर आमच्याकडे रोगट समजतात. त्रेचाळिसाव्या वर्षी तिची लाट दोनशे चार आली. तिने पुन्हा मोजली, तेवढीच. पुढच्या वर्षी एकशे एकाहत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी एकशे एकोणचाळीस. तिने तिन्ही कागदांची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि कुणालाही काहीही सांगितलं नाही. मशीन दुरुस्त करणारा माणूस वर्षातून एकदा यायचा, दिव्याला मीटर लावायचा आणि "दिवा एकदम ओके" असं लिहून जायचा. मग राहिलं काय? राहिला तिचा डोळा.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की तिने स्कूटर विकली. ही बाई स्कूटरवरून अशी यायची की फाटकावरचा वॉचमन सलाम ठोकायच्या आधी बाजूला उडी मारायचा. मी विचारलं तर म्हणाली, "कंबर दुखते." संध्याकाळी उजेड असेतो घरी पोहोचायला हवं म्हणून चारनंतर पेशंट घेईना. एकदा रेकॉर्डरूममध्ये मी दिवा बंद केला तर ओरडलीच माझ्यावर. मला वाटलं, वय झालं की बायका चिडचिड करतात. असलं वाटायला अक्कल लागत नाही, म्हणून ते मला चटकन वाटलं.

आणि कुरकुर करायची ती नवऱ्याबद्दल. नवरा फोटोंना फ्रेमा करतो. खाली दुकान, वर घर. "काका, या माणसाचं करायचं काय? जिन्यातला दिवा दिवसभर चालू. मोरीतला चालू. मी बंद करते, हा परत लावतो. मीटर काय याच्या सासऱ्याचं आहे?" मी म्हणायचो, सासरा तर तुमचाच बाप. मग ती लगेच विषय बदलायची. अजून एक तक्रार होती. नवऱ्याने जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवल्या होत्या. "म्हणे, गिऱ्हाईकं पडतात. दुकान खाली, गिऱ्हाईक वर कशाला चढेल? रंग उरला होता, दुसरं काय." मी मान डोलवली होती. बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालणारा मी, पण नको तिथेच.

मग गुंडीचा दिवस आला.

त्या दिवशी एक बसड्रायव्हर आला होता. धिप्पाड माणूस, आवाज हॉर्नसारखा. त्याच्या मामाला रातांधळेपणा होता, म्हणून त्याच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी त्याला तपासणीला पाठवलं होतं. तेव्हा मंद लाट एकशे ब्याऐंशी. मग परत पाठवलं, तेव्हा एकशे एक्केचाळीस. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, आजाराची सुरुवात असू शकते, रात्रीची गाडी देऊ नये. कंपनीने रात्रीची काय, दिवसाचीही काढून घेतली आणि त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्याला सात महिने झाले होते. आता तिसरी तपासणी.

ताईने थेंब टाकले, दिवे घालवले, दोघं काळोखात बसले. वीस मिनिटं गप्प बसणं ड्रायव्हरच्या स्वभावात नव्हतं. चुळबुळ करता करता त्याच्या मनगटावरची गुंडी तुटून खाली पडली. टक टक करत फरशीवरून गेली. दाराखालची कापडाची गुंडाळी त्या दिवशी जरा सरकली होती, म्हणून बाहेरच्या उजेडाची अगदी पुसटशी धूसर कड आत आली होती. उजेड असा नव्हेच तो.

"ताई, ती बघा," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या खुर्चीच्या मागच्या पायापाशी. काळी गुंडी."

ताईने खाली वाकून बघितलं. तिलाही दिसली. तिने ती उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली. तळहातही दिसला.

"मला दिसतंय हो ताई," तो म्हणाला. नेहमीसारखं ओरडून नाही. "मी किती वेळा सांगू? मला दिसतंय."

ताईने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला आधी हसू आलं. कागदावर दोघं रातांधळे. एकाला काळोखात गुंडी दिसते, दुसरी ती उचलून देते. हसू आलं आणि लगेच दुसरा विचार आला. बावीस वर्षांत तिने ज्या वाक्यावर विश्वास ठेवला नव्हता, ते वाक्य खरं असेल तर?

तिने तपासणी पूर्ण केली. मंद लाट एकशे चोवीस. मोठ्या दिव्याची लाट बघितली. ती होती चारशे सव्वीस. दोन वर्षांपूर्वी चारशे एकतीस.

ती पळत रेकॉर्डरूमला आली. मी चहा ओतत होतो. तिने आधी मंदच सुरुवात केली.

"काका, बशीत चहा सांडतोय."

"बरं, मग?"

"मला गेल्या चार वर्षांतल्या सगळ्या फायली हव्यात. सगळ्या."

आम्ही दोन दिवस फायली काढल्या. टेबलावर जागा पुरेना, तेव्हा फरशीवर पसरल्या. ज्यांची दोनदा-तीनदा तपासणी झाली होती, असे सगळे बाजूला काढले. तिने एका रांगेत मंद लाटा लिहिल्या, दुसऱ्या रांगेत मोठ्या. मंद रांग एकजात उतरत गेलेली. म्हातारे, तरुण, साखरवाले, नुसता चष्मा लावणारे, कुणीही असो, दरवर्षी सगळेच थोडे थोडे रातांधळे होत चालले होते. मोठी रांग मात्र, दोन-चार जण सोडले तर, जागच्या जागी. मीसुद्धा ओळखलं, आणि मी काही डॉक्टर नाही. पडदा खरंच मरत असेल तर दोन्ही लाटा खचतात. फक्त मंदच खचली तर ताटात घासच कमी पडत होते.

"दिवा ओके आहे म्हणून लिहिलंय ना दुरुस्तीवाल्याने?" मी विचारलं.

"दिवा ओकेच असणार," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

तिने माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला. काळ्या खोलीतले सगळे दिवे लावले, जे ती सहसा कधी लावत नाही, आणि तो कागद वाडग्याच्या आत धरला. कागद पांढरा होता. वाडगा जुन्या दातांसारखा पिवळा होता.

उजेड वाडग्यात एकदा आपटून डोळ्यात जात नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर दहादा उड्या मारतो आणि दर उडीला पिवळा रंग त्यातला थोडा गिळतो. दिव्यातून पुरेसा उजेड निघत होता. डोळ्यापर्यंत पोहोचत नव्हता. दुरुस्तीवाल्याच्या यादीत दिवा मोजणं होतं, वाडग्याच्या तोंडाशी मोजणं नव्हतंच. आणि वाडगा रोज इतका थोडा पिवळा होत गेला की जी बाई रोज त्याच्यासमोर बसते, तिलाच तो कळणं सगळ्यात अवघड.

पण पिवळा का झाला? ताईच्या स्वच्छतेबद्दल काय सांगू! पेशंटचं कपाळ-हनुवटी लागते म्हणून फक्त कडा पुसायची असते. ती प्रत्येक पेशंटनंतर सगळा वाडगा आतून पुसायची, दिवसातून सात-आठ वेळा. मी स्टोअरमध्ये गेलो, पुसायच्या औषधाची बाटली आणली. चार वर्षांपूर्वी जुनं औषध मिळेनासं झालं, तेव्हा त्याच्या जागी हे मीच दिलं होतं. "सगळीकडे हेच वापरतात," असंही म्हणालो होतो. आता चष्मा लावून मागची चिठ्ठी वाचली. सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: पांढऱ्या रंगाच्या थरावर वापरू नये.

"ताई, ही माझी चूक," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"बाटली तुम्ही दिलीत," ती म्हणाली. "पुसलं कुणी? आणि तीन वर्षं कागद पर्समध्ये घालून कोण फिरलं?"

तेव्हा तिने पर्समधून ते तीन कागद काढले आणि माझ्यापुढे टाकले. वडिलांची सगळी हकिकत मला त्या दिवशी कळली. बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "काका, पहिल्या वर्षी मी कुणापाशी बोलले असते ना, तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, मशीन तपासलंस का? एवढंच विचारलं असतं. मी बोललेच नाही. अगदी आमच्या बाबांसारखी."

मी विचारलं, "म्हणजे तुमचे डोळे आता ठीक आहेत तर."

"ते अजून कुठे कळलंय?" ती म्हणाली. "वाडगा पिवळा आहे, हे कळलं. डोळाही बिघडलेला असू शकतो. दोन्ही असू शकतं. गुंडीचं काय, सुरुवातीला बाबांनाही दिसत असेल."

मोठ्या डॉक्टरीणबाई कडक आहेत. ताईने त्यांना सगळं सांगितलं, आणि ज्यांना आजाराची शंका म्हणून लिहून दिलं होतं अशा एकोणीस जणांची यादी पुढे ठेवली. वर म्हणाली, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. बाईंनी यादी दोनदा वाचली. म्हणाल्या, "सही माझी आहे या सगळ्यांवर. मोठी लाट हलली नाही, हे मलाही दिसायला पाहिजे होतं. कारवाईचं नंतर बघू. एकोणीस जणांना आजच कळवा आणि नवीन वाडगा मागवा." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि तुझं काय?"

वाडगा यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे ताई कशी जगली, ते मी रोज बघत होतो. आधीच्या तीन वर्षांत तिला निदान काय होतंय ते ठाऊक होतं. आता ठाऊक नव्हतं, आणि आशा वाटायला लागली की माणसाचं खाणं-पिणं सुटतं. डबा तसाच परत न्यायची.

नवीन वाडगा बसला. या वेळी मीटर वाडग्याच्या तोंडाशी, जिथे डोळा असतो तिथे लावून बघितलं. दुरुस्तीवाल्याने कुरकुर केली, ताईने त्याला आधी थोडं सुनावलं, मग बरंच. पहिली पेशंट तीच होती. "पायाने बटण दाबून स्वतःचं स्वतः मोजायचं नाही आता," असं बाईंनी बजावलं, म्हणून बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं.

वीस मिनिटं आम्ही काळोखात बसलो. मला काही दिसत नव्हतं. माझंच हृदय मला ऐकू येत होतं. ती खुर्चीत अगदी सरळ बसली असावी, कारण खुर्ची एकदाही कुरकुरली नाही. मग तिने अंधारातल्या पेशींना न दिपवणारी लाल बत्ती लावली, तार ठेवली, तोंड वाडग्यात घातलं.

"दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं. कुठे काही लखलखलंय की नाही तेही मला कळलं नाही, इतकं ते मंद होतं. चार वेळा दाबलं. मशीनच्या पडद्यावर लाट आली आणि तिच्या बाजूला आकडा.

"किती?"

"दोनशे चौतीस."

"नीट वाचा."

"ताई, दोन, तीन, चार. ओळीने आहेत. पहिलीतला मुलगासुद्धा वाचेल."

"परत घ्या."

परत घेतलं. दोनशे एकतीस. ती म्हणाली, आणखी एकदा. दोनशे छत्तीस. ती तशीच वाडग्यात तोंड घालून बसून राहिली. मला वाटलं, रडत असेल. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मोठा राहिलाय. अर्धवट तपासणी चालत नाही." मोठाही घेतला. ठणठणीत.

ड्रायव्हरची पाळी दुसऱ्या दिवशी होती. दोनशे अठ्ठावीस. ताईने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, वाडगा, औषध, पुसणं. "चूक आमची. त्यातून माझी," ती म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सात महिने मी खिडकीत बसून लोकांना सांगतोय, तुमची गाडी कुठली आणि कधी सुटेल. माझीच गाडी. दुसरा माणूस समोरून घेऊन जायचा आणि मी वेळ सांगायचो." ताईने मान खाली घातली. त्याने तिला माफ केलं असं काही नाही. उठला, दाराशी गेला, तिथे खडूने लिहिलेलं वाचलं आणि म्हणाला, "मला दिसतंय असं म्हणतो ना माणूस, ते पण लिहून ठेवत जा कागदावर." ते तिने त्या दिवसापासून सुरू केलं. फॉर्मवर एक ओळ वाढवली: पेशंट स्वतः काय सांगतो. एकोणीसपैकी पंधरा जण बरे निघाले. चौघांना आजार खरंच होता. त्यांच्या दोन्ही लाटा खचलेल्या होत्या.

पण मला सांगायचंय ते तिच्या स्वतःच्या तपासणीच्या संध्याकाळचं. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या मोठ्या होत्या, उन्हाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी तिला माझ्या स्कूटरवरून घरी सोडायला गेलो. वाटेत दोनदा म्हणाली, "काका, जरा जोरात चालवा की."

नवरा दुकानात एका फ्रेमला खिळे ठोकत होता. बाहेर अजून चांगला उजेड होता, तरी बाजूच्या जिन्यात दिवा जळत होता. जिना तेरा पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीची कड पांढरी. रंग नुकताच पुन्हा दिलेला दिसत होता.

"लवकर आलीस?" त्याने विचारलं.

ताईने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. "आज नवीन वाडगा बसला."

"बरं."

"जुना पिवळा झाला होता. त्यामुळे आकडे कमी येत होते."

"हं."

"आज माझी तपासणी केली," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही."

मी नवऱ्याकडे बघत होतो. त्याला बायकोने तीन वर्षांत एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. त्याने विचारायला हवं होतं, कसली तपासणी, काय होणार होतं तुला? त्याने विचारलं नाही. हातोडी बाजूला ठेवली. हाताला लागलेला डिंक फडक्याला पुसला, एक एक बोट करून. मग जिन्यापाशी गेला आणि बटणावर बोट ठेवलं.

"मग आता हा बंद करत जाऊ ना?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"जिना चढताना ओठ हलायचे तुझे," तो म्हणाला. "मोजत होतीस. बाबा मोजायचे तसंच. तू सांगत नव्हतीस, म्हणून मीही काही विचारलं नाही."

ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. बावीस वर्षांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी निघायला हवं होतं, पण निघालो नाही. नवरा तसाच उभा होता, बटणावर बोट ठेवून, ती काय म्हणते त्याची वाट बघत.

"राहू दे," शेवटी ती म्हणाली. "आजच्या दिवस राहू दे चालू."